कुठला गडी आधी पोचतो

आमच्या घरमालकिणीने दोन दाढा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून काढून घेतल्या होत्या. दोन्ही एकदमच दुखत होत्या, एकाच खुर्चीत बसून दोन्ही निघाल्या असत्या. पण एक दाढ ती कर्जतला स्टेशनाजवळच्या डॉक्टरकडे काढून आली, आणि चार दिवस सुजलेला गाल घेऊन वावरल्यावर दुसरी काढायला नेरळला गेली. असं का, म्हणून मी विचारलं, तर गालावर हात ठेवून म्हणाली, "एकालाच दोनी दिल्या असत्या तर तो बरा का वायीट, कसं कळनार गं? जोडीला कायतरी पायजे."

हे तिचं सगळ्याच बाबतीत होतं. बाजारातून दोन वाणांची वांगी आणायची आणि दोन भांड्यांत वेगवेगळी शिजवायची. कळंबच्या बाजूला तिची भातशेती होती, तिथे शेजारशेजारच्या खाचरांत दोन जातींचं भात लावून बांधावर बसून दोन्हीकडे बघत राहायची. एस.टी.त नेहमी ड्रायव्हरच्या मागची जागा पकडायची आणि उतरताना त्याला तोंडावर सांगायची, "काल होता त्याचा हात तुज्यापरीस हलका हाय." एकट्या चिजेला चांगलं म्हणू नये, असं तिचं म्हणणं. आम्ही तिच्या खालच्या दोन खोल्यांत राहायला आलो त्याच दिवशी तिने माझ्या हातची आमटी चाखली आणि जाहीर केलं, "बरी हाय. मागली बाई कोकम जरा बेतानं टाकायची."

ही मागली बाई, म्हणजे आमच्या आधीची भाडेकरीण, मी कधी पाहिली नाही. पण तिचा मला इतका राग यायचा की तेव्हापासून मी आमटीत कोकम टाकायचंच सोडलं.

सगळे तिला मावशी म्हणत. साठीला आलेली, उंच, काळीसावळी, नऊवारी पातळ, तोंडात सदा भाजलेला चिंचोका. नवरा केव्हाच वारलेला. मुलगा एकच, तो जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. वर्षातून एकदा महिनाभर घरी यायचा, बाकीचे दिवस वरच्या मजल्यावर ती एकटी.

मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. आमचे हे साजगावला एका कारखान्यात वायरमन होते. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. हे स्वभावाने भले, पण बोलायचं नाव नाही. घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायला बसायचे, "मीठ" म्हणायचे. म्हणजे मीठ कमी आहे की जास्त, ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. शाळेत काय झालं ते मी सांगायची, हे "हं" म्हणायचे. आमच्या दोघांतलं सगळं बोलणं मी एकटीच करत होते. हा पुरुष असाच, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती, आणि त्यात मला फारसं दुःखही नव्हतं. जे कुणालाच मिळत नाही ते आपल्याला मिळालं नाही, याचं दुःख कसलं?

मग सत्त्याऐंशी साली मावशीचा मुलगा सुट्टीवर आला तो टीव्हीवर खेळायचं मशीन घेऊन.

कर्जतमध्ये तेव्हा रंगीत टीव्ही मोजक्या घरांत होते. मावशीकडे सिंगापूरहून आणलेला होता, कुठल्याही देशाचं चित्र घेणारा. त्याला हे मशीन जोडायचं, खाचेत एक पुस्तकाएवढी पट्टी बसवायची, की पडद्यावर एक टोपीवाला गडी उभा राहायचा. बटण दाबून त्याला पळवायचं. वाटेत खड्डे, झाडं, राक्षस. मुलाने ते मशीन जपानच्या बंदरातून आणलं होतं. सुट्टी संपून तो गेल्यावर आठ दिवसांत मशीन पडून राहील असं मला वाटलं होतं. पण मावशी पाटावर मांडी घालून, पदर खोचून रोज संध्याकाळी त्या गड्याला पळवायला लागली.

एकदा पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या म्हणून तिने जिन्यातून हाक मारली, "ए वायरमन, जरा वर ये रं."

हे वर गेले. अर्ध्या तासात येतील म्हणून मी भाकऱ्या थापायला घेतल्या. भाकऱ्या गार झाल्या.

इथपर्यंतही माझं काही म्हणणं नव्हतं. घरमालकिणीचं काम म्हणजे करायलाच हवं. खरा घोटाळा झाला तो पुढच्या वर्षी, मुलगा दुसरं मशीन घेऊन आला तेव्हा. त्या खेपेला जहाज जर्मनीला लागलं होतं. त्याच कंपनीचं मशीन, पण तिकडच्या बाजाराचं, दिसायला थोडं वेगळं. खेळ तोच, गडी तोच.

आता मावशीला जोडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आमच्या टीव्हीच्या जागी रिकामं स्टूल. आमचा टीव्ही काळा-पांढरा, पण माझ्या पगारातून घेतलेला. ह्यांनी तो न विचारता वर नेऊन मावशीच्या टीव्हीशेजारी ठेवला होता. एकावर जपानी मशीन, एकावर जर्मन. आमच्या टीव्हीवर जपानी चित्र सारखं वर वर पळत होतं आणि हे मागे वाकून एक खुंटी पिळत होते. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलंसुद्धा नाही.

"आता टीव्ही अदलून बगू," मावशी म्हणाली. "नायतर म्हनशील रंगीत डब्यामुळं जपानी बरा दिसला."

"बरोबर," हे म्हणाले. "टीव्ही तोच ठेवला पाहिजे. वायर तीच ठेवली पाहिजे. एक वस्तू बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी. नाहीतर फरक कशाचा आहे ते समजणार नाही."

मी जिना उतरले. लग्न झाल्यापासून हे माझ्यासमोर एका दमात एवढी वाक्यं बोलले नव्हते.

त्यानंतर रोज तेच. कामावरून येऊन हातपाय धुतले की हे वर. मी खाली वह्या तपासत बसायची आणि डोक्यावरच्या स्लॅबमधून ह्यांचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण बोलणं चालू आहे हे कळायचं. मध्ये मावशी काहीतरी विचारायची, हे सांगायचे, मग दोघं हसायचे. हसायचे! वहीतल्या चुकांवर मी अशी काट मारायची की कागद फाटायचा.

शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "अगं, त्या बाईला दोन दाढा नाहीत, आणि तू तिच्यावर जळतेस?"

हो, जळत होते. तरुण देखणी बाई असती तर निदान चारचौघांत रडता तरी आलं असतं. म्हातारीवर जळणाऱ्या बाईला रडायचीही सोय नसते.

एका संध्याकाळी मी चहाचं निमित्त करून वर गेले. मावशी स्वतः कुणाला कधी चहा विचारायची नाही, त्यामुळे निमित्त चांगलं होतं. बघते तर हे पाटावर, हातात बटणांची डबी, आणि मावशी शेजारी गुडघ्यावर हात ठेवून जात्यावरची ओवी म्हणतेय. डोळे मात्र पडद्यावर. ओवी संपली तसा तिने हात वर केला आणि ह्यांनी गडी थांबवला.

"बग," ती म्हणाली, "जपानी गडी माजी ओवी सरंस्तवर तिसऱ्या खड्ड्याशी येतो. जर्मन अजून झाडापाशीच रेंगाळतो. धा येळा बगितलं. ओवी तीच, लय तीच. जर्मनच्या पायात कायतरी बांधलंय."

ओवीने मशीन मोजणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. कुणी दुसऱ्याने मला हे सांगितलं असतं तर मला किती आवडलं असतं!

"मावशी, त्याचं कारण मी सांगतो," हे म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं. जपानात काही भागात वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, जर्मनीत पन्नास, आपल्याकडेही पन्नास. टीव्हीचं चित्रही त्याच हिशेबाने बनवलेलं. म्हणजे जपानी टीव्ही एका सेकंदात साठ वेळा पडदा रंगवणार, जर्मन पन्नास वेळा. खेळ बनवला जपान्यांनी, साठच्या हिशेबाने. तोच पन्नासच्या टीव्हीवर टाकला की गडी प्रत्येक सेकंदाला दहा पावलं मागे पडतो. हातवारे करून, बोटांनी लाटा काढून हे सांगत होते. त्यांचे डोळे चमकत होते.

मावशीने चिंचोका या गालातून त्या गालात नेला. "म्हंजे तिकडं वीज घाईत हाय."

"अगदी बरोबर!" हे ओरडले.

चहाचे कप खाली ठेवून मी आले. रात्री जेवताना म्हटलं, "साठ आणि पन्नासचं ते मला पण सांगा ना."

"सांगितलं की मघाशी. तू होतीस की," असं म्हणून ह्यांनी ताटाकडे बोट दाखवलं. "मीठ."

आता मला भांडण काढायचंच होतं. ह्यांच्याशी नव्हे, ह्यांच्याशी भांडण एकटीलाच करावं लागलं असतं. रविवारी दुपारी हे दाढी करायला बाहेर गेले तशी मी जिना चढले. मावशी दोन्ही मशीन मांडून बसली होती. आमचा टीव्ही आमचा आहे आणि आमचा माणूसही आमचा आहे, एवढं तिला ऐकवायचं, हे मी पायऱ्यांवर पाठ करत गेले होते.

"मावशी, मला आमचा टीव्ही हवाय."

"ने की," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "मी कंदी मागितलावता? तोच घेऊन आला. बस जरा."

"मला बसायचं नाही."

"मंग उबी ऱ्हा. पन बग. जपान्याचा रवा बारीक दिसतो का जर्मनचा? तुजा वायरमन म्हनतो दोगांचे ठिपके सारकेच. मला जपानी बरा वाटतो, पन का ते सांगता येत नाय."

मला बघायचं नव्हतं. पण समोर दोन पडदे असले की माणूस काय करणार? बघितलं. दोन्हीकडे गडी उभा होता, तसाच, त्याच झाडाखाली. चित्र ठिपक्यांचं, रांगोळीसारखं. मी रोज फळ्यावर चित्र काढणारी बाई, वर्गात मुलांनी काढलेली माणसं रोज तपासणारी. मला ते दिसायला वेळ लागला नाही. रागाच्या भरात बोलून गेले.

"रव्याचं काय घेऊन बसलात? जर्मन मशीनमधला माणूसच ठेंगणा आहे."

"आँ?"

"बुटका आहे. दाबल्यासारखा. वर-खाली काळे पट्टे बघा ना. पडदा पुरलाच नाही त्याला. ठिपके तेवढेच असतील, पण चपटे झालेत."

मावशी पाटावरून उठली. आधी दोन्ही मशीन आळीपाळीने एकाच टीव्हीला लावून घेतली, ती शिस्त तिने तेव्हाही सोडली नाही. मग पडद्याला बोटं लावली. टोपीपासून बुटापर्यंत जपानी गडी तिच्या दोन बोटांएवढा भरला. जर्मन दोन बोटांना कमी. तिने पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळली. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, दोन्ही खाचरांत एकदम पीक आल्यासारखा.

"बाई, तुज्या डोळ्याला नजर लागंल गं!"

तेवढ्यात हे गुळगुळीत दाढी करून वर आले. मावशीने त्यांना बसूही दिलं नाही.

"वायरमन, येवडे दिस काय बगत होतास रं? वीज घाईत हाय न् वीज सावकाश हाय! गडी ठेंगना झालाय ते दिसलं नाय? बायनी उब्या उब्या सांगितलं."

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ते... पट्टे होते, ते मी पाहिले होते," ते पुटपुटले.

"पायलेवते तर बोलला का नाय? बाकी तर लय बोलतोस."

त्या वाक्याने मला जे सुख झालं ते अजूनही आठवलं की होतं.

टीव्ही मी खाली आणलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मीच वर जायला लागले. मी आणि मावशी. हे कामावरून येईपर्यंत आमचा एक टप्पा पार झालेला असायचा. चार राक्षस एका रांगेत आले की गडी अडखळतो आणि एखादा राक्षस मिचमिचतो, हे मी शोधलं. ते दोन्ही मशीनमध्ये होतं, पण जर्मनमध्ये एकूणच सगळं सावकाश, म्हणून तिथे कमी खटकत होतं, हे मावशीने शोधलं. "हळू चालनाऱ्याची ठेच दिसत नाय," ती म्हणाली. मी आमटीत पुन्हा कोकम टाकायला लागले. तिने चाखली आणि मागल्या बाईचं नाव काढलं नाही.

आणि हे? हे खाली बसायला लागले. पहिले दोन-तीन दिवस वर आले, पण मावशी आता प्रत्येक वेळी "बायला इचार" म्हणायची. मग यायचेच बंद झाले. मी जिना उतरून आले की भिंतीकडे तोंड करून रेडिओ ऐकत पडलेले असायचे. एकदा म्हणाले, "आज फारच उशीर केलास." लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्या येण्याजाण्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी म्हटलं होतं. मी "हं" म्हटलं.

मला त्यांची दया यायला हवी होती, असं माझी मैत्रीण म्हणाली. आली नाही. वर माझी जागा होती आणि ती मी कुणाला देणार नव्हते. एकदा ह्यांनी कारखान्यातून कसलासा व्होल्टेज स्थिर ठेवणारा डबा दुरुस्त करून आणला आणि मावशीला नेऊन दिला, तेव्हा ती "गुनाचा रं माजा वायरमन" म्हणाली, तर त्या रात्री मी भांडी आदळत घासली. मावशीला हे सगळं कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं कळत होतं. तिच्यापुढे आता मशीनची एक जोडी होती आणि आमची एक. दोन्ही जोड्या ती सारख्याच आवडीने पाहत होती.

असं वर्षभर चाललं. मग तिच्या मुलाने जहाज सोडलं, लग्न केलं, खोपोलीत फ्लॅट घेतला आणि आईला न्यायला आला. मावशी कुरकुरली. कर्जत चांगलं का खोपोली, ते दोन्हीकडे राहिल्याशिवाय कसं कळणार, असं मुलगा म्हणाला तेव्हा मात्र ती चादर शोधायला उठली. दोन्ही मशीन चादरीत गुंडाळून टेंपोत घालून ती गेली. आमचा टीव्ही परत स्टुलावर आला. वरचा मजला बंद. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो. मी शाळेतलं सांगायचं सोडलं होतं, ह्यांनी मीठ म्हणायचं सोडलं होतं.

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी हे अचानक म्हणाले, "खोपोलीला जाऊन येऊ या का?" मी आधीच साडी काढून ठेवली होती.

मावशी दिवाणावर बसली होती. आम्हाला बघून खूश झाली, पण लगेच म्हणाली, "बरं झालं आलात. सूनबाय काय म्हंती ते ऐका."

सून बावीस-तेवीसची, गोरटेली, बारीक आवाजाची. टीव्हीसमोर दोन्ही मशीन मांडलेली. तिने चहा आणला, कप हातात दिले आणि लाजत म्हणाली, "काही नाही हो, मी एवढंच म्हटलं की त्या मशीनमधलं गाणंही सावकाश वाजतं."

तिने आवाज वाढवून दाखवला. खेळाच्या मागे एक गाणं वाजत होतं. जपानी मशीनवर टुणटुणीत, जर्मनवर तेच गाणं, पण झोप आल्यासारखं. कर्जतला आम्ही आवाज कायम बंद ठेवायचो, मावशीला ओवीची लय पकडता यावी म्हणून. दीड-दोन वर्षं आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसलो, गाणं आहे हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पयल्याच दिशी सांगितलं हिनं," मावशी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "नुसत्या डोळ्यानं बगून काय व्हतं? कान पायजे मानसाला." मग आमच्या दोघांकडे तिने आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "तुमी बी बरे होता."

होता.

चहा अर्धा टाकून आम्ही उठलो. मावशी म्हणत होती जेवून जा. ह्यांनी सांगितलं, गाडीची वेळ झाली. गाडीला अजून पाऊण तास होता.

गाडी आली, डब्यात तुरळक माणसं. खिडकीशी समोरासमोर बसलो. गाडी सुटली आणि हे म्हणाले, "त्यात काय एवढं मोठं? गडी सावकाश चालला तर गाणं सावकाशच वाजणार. एकच मशीन आहे ना ते! वेगळं काय सांगितलं तिने?"

"तेच तर," मी म्हटलं. "तुम्ही पन्नास-साठचं सांगितलंत त्यातच ते आलं."

"आलंच. आणि तू पट्टे पकडलेस ते अवघड होतं. त्याला नजर लागते. गाणं काय, बहिऱ्यालाही ऐकू येईल."

"आणि लाजत सांगत होती कशी बघितलंत? 'मी एवढंच म्हटलं.'"

"शिकवून ठेवलेलं असणार नवऱ्याने. तो जहाजावर इंजिनात होता, त्याला माहीत असणार."

"पहिल्याच दिवशी म्हणे!"

"पहिल्या दिवशी कुणाला काय कळतं? आपल्याला किती दिवस लागले. तो ठेंगणा गडी सापडला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती, माहितीये? मी तुला बोललो नाही. मला वाटलं, हे मला कसं दिसलं नाही. चिडलो होतो तुझ्यावर. बरेच दिवस चिडलो होतो."

"मीसुद्धा तुमच्यावर."

"तू कशाला?"

मी सांगितलं. स्लॅबमधून येणारा आवाज, फाटलेल्या वह्या, गार भाकऱ्या, सगळं. हे मध्ये मध्ये "नाही गं", "असं कसं", "मला काय माहीत" म्हणत होते. मग पुन्हा सुनेवर आलो. तिचा चहा गोडमिट्ट होता, यावर आमचं एकमत झालं. मशीन तिने जमिनीवर ठेवली होती, खाली पाट नाही की कागद नाही, धूळ जाऊन महिनाभरात बंद पडतील, असं हे म्हणाले. बंद पडली तर दुरुस्त करायला तुम्ही अजिबात जायचं नाही, असं मी म्हटलं. केळवली कधी गेलं ते कळलं नाही. डब्यात माणसं चढली, उतरली. हे हातवारे करत होते, बोटांनी हवेत लाटा काढत होते, आणि या वेळी त्या लाटा माझ्या तोंडासमोर होत्या.

गाडी एका स्टेशनात थांबली. मी बाहेर पाहिलं तर पाटी पळसदरीची.

"पळसदरी? ते तर मघाशीच गेलं ना?" मी म्हटलं.

हे खिडकीतून वाकून बघू लागले. कर्जत येऊन गेलं होतं. गाडी तिथे रिकामी झाली होती, पुन्हा भरली होती आणि आम्हाला घेऊन परत खोपोलीच्या वाटेला लागली होती. उतरून उलट दिशेच्या गाडीची वाट बघायला हवी होती. आम्ही दोघंही उठलो नाही. सुनेबद्दल अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.